बारीक आट्यांचे चार बोल्ट

“चार बोल्ट! नुसत्या चार बोल्टांसाठी कुणी मेकॅनिककडे जातं का? अर्ध्या तासाचं काम! तू चहा ठेव, तो गाळायच्या आत सीट जागेवर असेल!”

रविवारी सकाळी काटासाहेबांनी ही गर्जना अंगणात उभं राहून केली आणि समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीनं ती ऐकली. हे फार वाईट झालं. पुढचे तीन दिवस ती बाई येताजाता कठड्यावरून वाकून विचारत होती, “काय हो, गाळला का चहा?”

काटासाहेब हे त्यांचं नाव नव्हे, पदवी होती. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत किलोला चार ग्रॅम कमी भरणाऱ्यालाही कधी दयामाया दाखवली नाही. तराजूचा काटा जरा कलला की यांच्या भुवया वर! निवृत्त झाले, खुर्ची गेली, पण भुवया तशाच राहिल्या. आजही वहिनी चहा ओतायला लागल्या की हे वाकून, डोळे टेबलाच्या उंचीला आणून, दोन्ही कपांची पातळी बघतात. वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

तर आदल्या दिवशी झालं होतं असं. काटासाहेबांची गाडी सव्वीस वर्षांची. पांढरी. ती बनवणाऱ्यांनी बनवायची कधीच सोडून दिली, पण यांनी चालवायची सोडली नव्हती. शनिवारी संध्याकाळी दोघं बाहेर पडले होते. चढावर सिग्नल लागला. वहिनी शेजारी बसून काहीतरी सांगत होत्या. सिग्नल सुटला, काटासाहेबांनी क्लच सोडला, गाडीनं उसळी घेतली.

“मग मी तिला स्पष्टच सांगितलं, की हे बघ...” इथपर्यंतचा आवाज काटासाहेबांच्या कानाशेजारून आला. पुढचा “अगं आई गं!” मागच्या सीटवरून आला.

त्यांनी वळून पाहिलं. शेजारची सीट पाठीवर उताणी पडली होती आणि तिच्यात वहिनी होत्या. पाय समोरच्या काचेकडे, पर्स पोटावर, नजर छपराकडे. अंतराळात निघालेल्या माणसासारख्या!

“लागलं का गं?”

“मला काही झालं नाही. मागचे हॉर्न वाजवताहेत, गाडी काढा,” वहिनी छपराला उद्देशून म्हणाल्या. “पण ऐकून ठेवा. बुधवारी मला माझ्या बहिणीला आणायला जायचंय. तोपर्यंत ही सीट घट्ट बसली नाही, तर गुरुवारी ही गाडी विकायची!”

विकायची! काटासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाचे दात पडतात म्हणून माणूस विकतो का कुणी?

रविवारी त्यांनी सीटखाली डोकं घातलं, तेव्हा सगळा उलगडा झाला. पुढचे दोन बोल्ट गंजून मोडले होते. मागचे दोन जागेवर होते, पण पाना लावला की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे ढासळत होते. तेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, पकडीनं पिळलं. दुपारी दोन वाजता चारही बोल्ट बाहेर आले. बोल्ट कसले, तांबडे बुंधेच! त्यांतला एक जरा बऱ्या अवस्थेत होता, तो त्यांनी रुमालात गुंडाळला. सीट उचलून पुढच्या खोलीत आणून ठेवली. पाच मिनिटांनी पाहतात तर वहिनी त्या सीटवर बसून, बाजूचा खटका ओढून, पाठ मागे कलती करून पेपर वाचताहेत!

“अहो, पाठ छान टेकते हिच्यावर!”

“ती गाडीची सीट आहे!” काटासाहेब ओरडले आणि बाजारात गेले.

बाजारात खिळे, नट, बोल्ट, बिजागऱ्या विकणारे एक शेठ होते. काटासाहेबांना पायरीवर बघताच त्यांचा हात आपोआप तराजू पुसायला गेला. नऊ वर्षांपूर्वी काटासाहेबांनी याच दुकानातला तराजू उचलून नेला होता. किलोमागे चौदा ग्रॅम!

“या साहेब! तपासणी?”

“निवृत्त झालो मी. बोल्ट हवेत. असे चार.” त्यांनी रुमाल उघडला आणि खिशातून स्वतःचं मापकही काढलं. “मी मोजलाय. जाडी बरोबर दहा मिलिमीटर. साडेनऊ नको, सव्वादहा नको. दहा!”

शेठनी बोल्टाकडे बघून तोंड उघडलं. काटासाहेबांनी हात वर केला. “मापातलं मला सांगू नका!”

शेठनी तोंड मिटलं आणि दहाचे चार बोल्ट दिले.

घरी येऊन काटासाहेबांनी पहिला बोल्ट लावला. दोन फेरे फिरला आणि अडला. दुसरा लावला, अडला. तिसरा त्यांनी जोर करून फिरवला, तो अडला तर अडलाच, पण परत निघेनासा झाला. तो काढताना कोपर दारावर आपटलं आणि गच्चीवरून आवाज आला, “गाळला का हो चहा?”

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते.

“काय हो शेठ, तुमचा धंदा अजून सुधारला नाही! दहाचा सांगून भलतंच काहीतरी गळ्यात मारलंत!”

“दहाचाच आहे, साहेब.”

“मग बसत का नाही? दहा म्हणजे दहा!”

शेठनी शांतपणे चष्मा लावला, जुना आणि नवा बोल्ट शेजारी शेजारी धरले. “जाडी तीच. पण हे आटे बघा. माझ्या बोल्टाचे मोठे, तुमच्या गाडीचे बारीक. जाडी सारखी असली तरी हा त्यात जाणार नाही. काल मी हेच सांगणार होतो.” मग एक क्षण थांबून, अगदी नम्रपणे, “साहेब, तुम्ही जाडी मोजलीत, आटे नाही मोजलेत. माप अर्धंच घेतलंत.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत काटासाहेबांना असं कुणी बोललं नव्हतं! ते पायापासून कानापर्यंत लाल झाले.

“बारीक आट्याचे आत्ता नाहीत. मागवून ठेवू का?”

“काही गरज नाही! थेट कंपनीच्या दुकानातून आणतो. तिथे तरी माणसं मापात वागत असतील!”

कंपनीच्या दुकानात थंडगार हवा होती, काचेचा काउंटर होता आणि त्यामागे टाय बांधलेला एक तरुण होता. त्यानं बोल्टाला हात लावला नाही. गाडीचा नंबर विचारला, बराच वेळ कळफलक बडवला आणि म्हणाला, “हा बोल्ट सुटा येत नाही, सर. सीटसोबत येतो.”

“सीट आहे माझ्याकडे. घरी, पुढच्या खोलीत.”

“मग तिच्यासोबत आले असतील, सर.”

“आले होते! सव्वीस वर्षांपूर्वी! ते गंजले!”

“मग नवी सीट घ्यावी लागेल, सर.”

काटासाहेबांनी डोळे मिटले, उघडले. “ठीक आहे. दाखवा सीट.”

“ती बंद झाली, सर.”

“म्हणजे जी सीट मिळत नाही, तिच्यासोबतच हा बोल्ट मिळतो?”

तरुणानं पडद्याकडे पाहून खात्री करून घेतली. “बरोबर, सर!” आणि परीक्षेत पहिला आल्यासारखा हसला.

“तक्रारवही द्या!”

“तक्रार आता फोनवरूनच करायची, सर. नंबर देऊ?”

त्या नंबरवर काटासाहेब चाळीस मिनिटं सनई ऐकत उभे राहिले. शेवटी दारावरच्या वॉचमनला त्यांची कीव आली. “साहेब, जुन्या गाडीचं सामान इथे नाही मिळत. पुलापलीकडे भंगारची वखार आहे, तिथे जा.”

मंगळवारी सकाळी काटासाहेब पाना घेऊन, बसनं, पुलापलीकडे गेले. वखारीत गाड्यांचे सांगाडे एकावर एक रचलेले. भंगारवाला दाराशी खुर्चीत बसून फोनवर कुणाशी तरी तावातावानं भांडत होता. काटासाहेबांनी गाडीचं नाव सांगितलं. त्यानं फोन न सोडता हातानं खूण केली. “मागच्या रांगेत. पांढरी. हवं ते काढून घ्या.”

मागच्या रांगेत दोन गाड्या होत्या, दोन्ही त्यांच्याच गाडीच्या जातीच्या. एक वेलींनी वेढलेली, चाकं नसलेली, मातकट रंगाची. दुसरी झाडाच्या सावलीत, चार चाकांवर उभी, स्वच्छ पांढरी. काटासाहेब शब्दाचे पक्के. पांढरी म्हटलं ना? मग पांढरी! ती मातकट गाडीही कधीकाळी पांढरी असू शकेल, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

दार उघडंच होतं. आत बघितलं आणि त्यांचा संताप अनावर झाला. काय ठेवलेली गाडी ही! आसनांना धुतलेली कव्हरं, एक डाग नाही. आणि ही भंगारात टाकली? कुठल्या काळजाची माणसं असतात ही! मागच्या सीटवर छत्री होती, उशी होती, समोर चष्म्याचं घर होतं. सामानसुद्धा काढून न्यायचे कष्ट घेतले नाहीत! काटासाहेबांनी छत्रीची घडी नीट केली आणि चष्म्याच्या घराला हात लावला नाही. दुसऱ्याची वस्तू घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

शेजारच्या सीटचे चारही बोल्ट पाना लावताच लोण्यासारखे सुटले. गंजाचा ठिपका नाही! त्यांनी मोजले. जाडी दहा. आटेही मोजले. बारीक! सीट होती तिथेच सरळ करून ठेवली, दार हलकेच लावलं आणि विजयी वीरासारखे दाराशी आले.

“चार बोल्ट घेतले,” ते म्हणाले.

भंगारवाल्यानं फोन कानाला धरूनच ते तोलायला तराजू पुढे ओढला. आणि तिथे काटासाहेबांचं लक्ष काट्याकडे गेलं. रिकामा तराजूसुद्धा एका बाजूला कलत होता!

“हा काय प्रकार आहे? शेवटचा शिक्का कधी मारून घेतलात? लोकांना लुबाडता?”

पुढची पंधरा मिनिटं काटासाहेबांनी भंगारवाल्याला प्रामाणिकपणा या विषयावर व्याख्यान दिलं. ते इतके रंगात आले होते, की मागून एक पांढरी गाडी त्यांना वळसा घालून वखारीबाहेर पडली, तेव्हा धूर नाकात गेला म्हणून त्यांनी नाकाला रुमाल लावला, पण मान काही वळवली नाही.

संध्याकाळी सीट बसली. चार बोल्ट, चार वॉशर, करकचून! वहिनींनी बसून पाहिलं, पुढे रेटून पाहिलं, मागे रेटून पाहिलं. “बसली खरी,” त्या म्हणाल्या. काटासाहेब अंगणात येऊन गच्चीकडे तोंड करून ओरडले, “गाळला!” पण शेजारीण नेमकी घरात नव्हती.

बुधवारी दुपारी दोघं वहिनींच्या धाकट्या बहिणीला आणायला निघाले. ती बसनं येणार होती. पाय मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर होतं, आणि महिनाभर ती यांच्याकडेच राहणार होती. बस यायला तास होता.

“जरा शेठच्या दुकानावरून जाऊ,” काटासाहेब म्हणाले.

“कशाला?”

“सहज. माप अर्धं घेतलं म्हणाला होता!”

दुकानासमोर एक पांढरी गाडी उभी होती. काउंटरपाशी करड्या केसांच्या, ताठ मानेच्या एक बाई बोलत होत्या. शाळेच्या मोठ्या बाई म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. शेजारी त्यांचे यजमान. बारीक, अबोल गृहस्थ, मानेभोवती टॉवेल गुंडाळलेला.

“भर दिवसा!” मोठ्या बाई म्हणत होत्या. “सीटचे बोल्ट! छत्री सोडली, माझा चष्मा सोडला, आणि बोल्ट नेले! मी गाडी चढावर घातली आणि हे मागे उलथले. मी आपली बोलतेय! दोन चौक गेले तरी हे हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, ऐकताहेत! वळून बघते तर हे आडवे!”

काटासाहेबांचं रक्त उसळलं. “काय नीच माणसं असतात हो! असल्या माणसाला भर चौकात उभं केलं पाहिजे!”

“बघा ना!” मोठ्या बाईंना जोर चढला. “आरसा फुटला म्हणून पुलापलीकडच्या वखारीत गेले. गाडी मागे सावलीत लावली. आम्ही दोघं आरसे बघत होतो, तेवढ्यात...”

काटासाहेबांचा उगारलेला हात हवेतच राहिला. सावकाश खाली आला. छत्री. चष्मा. सावली. पांढरी! त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी त्यांच्याकडेच पाहत होत्या.

“काळजी नको, बाई,” शेठ म्हणाले आणि त्यांनी खणातून कागदाची पुडी काढली. “बारीक आट्याचे आहेत. चारच. हे साहेब नको म्हणाले होते, तरी मी यांच्यासाठी मागवून ठेवले होते. साहेब, बाईंना दिले तर तुमची हरकत नाही ना?”

“हरकत?” काटासाहेबांचा आवाज चिरकला. “छे, छे! खुशाल द्या! आनंदानं द्या!”

सुटलो, त्यांच्या मनात आलं. बाईंना नवे बोल्ट मिळाले, आपले आपल्याला, भरपाई झाली, आता गुपचूप निघावं. आणि तेवढ्यात मोठ्या बाईंनी हात जोडले.

“एकीकडे ते चोर, आणि एकीकडे तुमच्यासारखी माणसं! स्वतःची अडचण बाजूला ठेवून परक्याला वस्तू देता! वहिनी, नशीबवान आहात हो!”

शेठ कौतुकानं हसत होते. मानेला टॉवेल गुंडाळलेले यजमानही हसत होते. काटासाहेबांनी आयुष्यभर माणसांना नेमक्या याच जागी पकडलं होतं. माल कमी भरून वर गोड हसताना! त्यांच्या भुवया थरथरल्या आणि पहिल्यांदाच त्या स्वतःसाठी वर गेल्या.

“बाई,” ते म्हणाले, “तुमचे बोल्ट माझ्या गाडीत आहेत.”

शेठच्या हातातली पुडी चुरचुरली.

“काय?”

“मीच काढले. भंगार समजून. त्यानं पांढरी सांगितली, तुमची पांढरी होती...”

“माझी गाडी? भंगार?” मोठ्या बाईंचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. चोरीपेक्षा हा घाव मोठा होता! “गेल्या महिन्यात पॉलिश केलंय मी तिला! आणि माझेच बोल्ट लावून वर मलाच औदार्य दाखवत होतात? उभे काय राहिलात? पाना घ्या! माझे मला परत हवेत, आत्ता, इथे!”

“अहो बाई, नवे आहेत ना हे...” शेठ मध्ये पडले.

“तेही घेणार आहे! पुन्हा कुणाला माझी गाडी भंगार वाटली तर?”

काटासाहेब भर बाजारात आपल्या गाडीत गुडघ्यांवर बसले. येणारेजाणारे थांबून बघत होते. शेठ पाना घेऊन दुसऱ्या बाजूनं आत वाकले आणि निमूटपणे मागचे बोल्ट सोडवायला लागले.

“साहेब,” ते हळूच म्हणाले, “बोलला नसतात तर कुणाला कळलं नसतं.”

काटासाहेब पुढच्या बोल्टाला पाना लावून पिळत राहिले.

“त्या चौदा ग्रॅमच्या वेळी मीही म्हणालो होतो, चुकून झालं म्हणून.”

“आठवतं मला,” काटासाहेब म्हणाले. “मी ऐकून घेतलं नव्हतं.”

“नव्हतं,” शेठ म्हणाले आणि बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला.

मग मोठ्या बाईंच्या गाडीत चारही बोल्ट बसवायचं काम सुरू झालं. बाई डोक्यावर उभ्या राहून “अजून आवळा! अजून!” म्हणून सूचना देत होत्या. त्या आरसा ठीक करायला पलीकडे गेल्या, तेवढ्यात यजमान वाकले. दोन दिवसांत ते पहिल्यांदाच बोलत असावेत.

“अहो, ऐका ना,” ते कुजबुजले, “पुढचे दोन जरा ढिलेच ठेवा. काल मागे पडलो होतो ना, तेवढे दोन चौक फार शांत गेले हो!”

पण काटासाहेबांनी चारही करकचून आवळले. तेवढा एक अन्याय त्या दिवशी त्यांच्या हातून जाणूनबुजून झाला.

मोठ्या बाई आठही बोल्ट घेऊन गेल्या. चार सीटखाली, चार पर्समध्ये. काटासाहेबांच्या गाडीतली सुटी सीट शेठनी उतरवून दुकानात ठेवून घेतली. “लेथवाल्याकडून बोल्ट कातून घेऊ, चार दिवस लागतील,” ते म्हणाले आणि तिच्यावर बसून पाहिलं. “पाठ छान टेकते हो!”

तोवर बसची वेळ झाली होती. वहिनी मागे बसलेल्या, शेजारी मोकळी जागा, पुढे उघडा पत्रा, अशा गाडीनं दोघं थांब्यावर पोचले. वाटेत वहिनी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. ही शांतता काटासाहेबांना मोठ्या बाईंच्या आरडाओरड्यापेक्षा जड गेली.

कुबड्या टेकत धाकटी बहीण आली. काटासाहेबांनी तिला मागे, वहिनींच्या शेजारी, बसवलं. तिनं प्लास्टरचा पाय हळूच उचलला आणि सरळ पुढे सोडला. सीट नव्हती तिथे तो पुरता पसरला, अगदी टाचेपर्यंत. बहिणीचे डोळे भरून आले.

“भाऊजी! माझ्या पायासाठी तुम्ही चक्क सीट काढून आलात? इतका विचार माझ्या घरातल्यांनी नाही हो केला! ताई, किती गं भाग्याची तू!”

खरं काय ते सांगून टाकायचं काटासाहेबांनी ठरवलं. तोंड उघडलं. समोरच्या आरशात त्यांना वहिनी दिसल्या. त्या आरशातूनच त्यांच्याकडे रोखून बघत होत्या. आता ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“असू दे हो,” वहिनी म्हणाल्या. “दिवसाला एक पुरे. चला, गाडी काढा.”